पायांतले बळ पुडीतून येत नाही

साठी ओलांडलेल्या जुळ्या भावंडांच्या ३६ जोड्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला रोज प्रीबायोटिक, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंचे खाद्य असलेल्या तंतूंच्या पावडरची पुडी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण प्रीबायोटिक नसलेली. कोणाच्या पुडीत काय आहे, हे घेणाऱ्यांना ठाऊक नाही. व्यायामाचा सल्ला दोघांना सारखा, स्नायूंसाठी दिलेले अमिनो आम्लांचे पूरकही सारखेच. बारा आठवड्यांनंतर मुख्य प्रश्न एकच होता: खुर्चीतून उठण्या-बसण्याला लागणारा वेळ कोणाचा कमी झाला? लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी केलेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. दोन गटांत दखल घ्यावी असा फरक सापडला नाही.

स्मरणशक्ती आणि आकलनाच्या चाचण्यांत मात्र प्रीबायोटिक घेणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली, आणि जगभर बातम्या झाल्या त्या या दुसऱ्या निष्कर्षाच्या. मूळ प्रश्न स्नायूंचा होता आणि त्याचे उत्तर ‘फायदा दिसला नाही’ असे आले, हे बातमीच्या तळाशी गेले. बातमी फिरत फिरत सामान्य वाचकापर्यंत पोचते तेव्हा त्यातून एवढेच उरते की, म्हातारपणासाठी एक पावडर आली आहे आणि ती शास्त्रज्ञांनी तपासली आहे. गुडघे धरून जिना चढणाऱ्या आईसाठी मुलगा ती मागवतो. त्याच्या मायेबद्दल शंका नाही. पण आईच्या पायांना ज्याची गरज आहे ते त्या डब्यात नाही, आणि हे तिला स्पष्ट शब्दांत सांगणारे कोणी भेटत नाही.

जुळ्यांवरची ही चाचणी लहान असली तरी तिची रचना चांगली होती. जुळ्यांचा आनुवंशिक वारसा बराचसा सामायिक असतो, बालपणीचे घर एक, त्या घरातले अन्न एक. त्यामुळे दोघांत जो फरक पडेल तो पुडीमुळे पडला, असे म्हणायला अधिक आधार मिळतो. पुडीत इन्युलिन आणि फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड हे तंतूंचे दोन प्रकार होते, रोज साधारण साडेसात ग्रॅम. तंतू आतड्यात पोचले आणि त्यांनी आपले काम केले. पुडी घेणाऱ्यांच्या आतड्यातले बायफिडोबॅक्टेरियम हे उपयुक्त जिवाणू वाढल्याचे दिसले. म्हणजे पूरकाचा परिणाम आतड्यात झाला, पण तो मांडीच्या स्नायूंपर्यंत पोचल्याचे दिसले नाही.

आतड्यामार्गे स्नायूंना बळ द्यावे ही कल्पना संशोधकांना सुचली ती काही हवेतून नव्हे. आपण खाल्लेल्या अन्नातले काही तंतू लहान आतड्यात पचत नाहीत. ते मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू ते आंबवतात. त्यातून ब्युटिरेट, प्रोपियोनेट, ॲसिटेट अशी लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात. त्यांचा संबंध आतड्याच्या अस्तराशी आहे, शरीरातल्या दाहाशी आहे, पेशींच्या ऊर्जेशीही आहे. वय वाढते तसे आतड्यातल्या जिवाणूंचे वैविध्य अनेकांत कमी होते, शरीरात मंद दाह कायम राहतो आणि स्नायू झिजतात. हे तिन्ही एकाच काळात घडते, तेव्हा त्यांचा एकमेकांशी संबंध असावा असे वाटणे साहजिक आहे.

उंदरांवरच्या प्रयोगांनी ही आशा वाढवली. २०१९ मध्ये ‘सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात आतड्यात एकही जिवाणू नसलेल्या उंदरांचे स्नायू सामान्य उंदरांच्या तुलनेत रोडावलेले आढळले. त्यांच्यात जिवाणूंचे रोपण केले, तेव्हा स्नायू काही अंशी भरून आले. त्याआधी २०१६ मध्ये स्पेनमधल्या एका लहान चाचणीत याच प्रकारचे प्रीबायोटिक तेरा आठवडे घेणाऱ्या ज्येष्ठांची हाताची पकड सुधारली आणि थकवा कमी झाला, मात्र त्यांच्या एकूण दुर्बलतेत लक्षणीय बदल झाला नाही. तेव्हा आतडे आणि स्नायू यांच्या नात्यावर संशोधन जरूर व्हावे, त्यासाठी पैसाही मिळावा. पण जिवाणूविरहित पेटीत वाढलेला उंदीर आणि सत्तर वर्षे वरण-भात खाऊन, आजारपणे काढून, औषधे घेऊन जगलेला माणूस यांच्यात फार मोठे अंतर आहे. ते अंतर जाहिरातीतल्या एका वाक्याने ओलांडता येत नाही.

स्मरणशक्तीच्या निष्कर्षाचेही तेच. तो आशादायक आहे, पण तो या चाचणीचा मुख्य प्रश्न नव्हता. सहभागी ७२ होते, त्यांतही बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि काळ तीन महिन्यांचा होता. दुसऱ्या देशात, दुसऱ्या आहारावर वाढलेल्या लोकांत आणि अधिक काळासाठी तो पुन्हा मिळतो का, हे पाहावे लागेल. तोवर त्याला विस्मरणावरचा उपाय म्हणणे वृद्धांवर अन्याय करणारे आहे.

स्नायूंची झीज ही म्हातारपणी होणारच, त्यात काय एवढे, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. वैद्यकशास्त्रालाही तिच्याकडे गांभीर्याने पाहायला वेळच लागला. अमेरिकेतले पोषणतज्ज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये तिला ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिले. अमेरिकेच्या रोगसूचीत तिला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २०१६ मध्ये. अमेरिकेतल्याच सत्तरीच्या घरातल्या लोकांचा काही वर्षे मागोवा घेणाऱ्या एका मोठ्या अभ्यासात पायांचे स्नायू वर्षाला साधारण एक टक्क्याने घटत होते, पण पायांतली ताकद त्याच्या सुमारे तिप्पट वेगाने कमी होत होती. पाय दिसायला तसेच राहतात, वजनकाट्यावर फरक पडत नाही. आणि एक दिवस खाली बसलेल्या माणसाला उठताना हात टेकावा लागतो, मग भिंत धरावी लागते, मग कोणाला तरी हाक मारावी लागते. पुढची पायरी पडण्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात आणि त्यांत सर्वाधिक प्रमाण साठीपुढच्यांचे असते.

भारतीयांना या झिजेची काळजी अधिक वाटायला हवी, आणि त्याचे एक कारण पुण्यात सापडले. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. शरीरातल्या चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी जास्त आणि स्नायू कमी, हे याज्ञिकांच्या चमूने पुणे जिल्ह्यातल्या गावांत जन्मलेल्या बाळांपासून दाखवून दिले आहे. मुळात स्नायूंची गंगाजळीच कमी असेल, तर म्हातारपणीचा खर्च लवकर अंगाशी येतो.

मग करायचे काय? याचे उत्तर तीस वर्षांपूर्वीच मिळाले आहे. बॉस्टनच्या एका वृद्धनिवासात डॉ. मारिया फियातारोन यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना वजने उचलायला लावली. वये ८६ ते ९६. व्यायाम हलकाफुलका नव्हता. प्रत्येकाच्या ताकदीच्या मानाने जड वाटेल असे वजन, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, आठ आठवडे. १९९० मध्ये ‘जामा’त निष्कर्ष आले. ज्यांनी ते आठवडे पुरे केले त्यांच्या पायांतली ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती, आणि दोघांच्या हातातली काठी सुटली होती.

चारच वर्षांनी याच चमूने शंभर जणांवर मोठी चाचणी केली. सरासरी वय ८७. चार गट पाडले: एकाला व्यायाम, दुसऱ्याला पौष्टिक पेय, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला दोन्हीपैकी काहीच नाही. दहा आठवड्यांनंतर व्यायाम करणाऱ्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, न करणाऱ्यांची ३ टक्क्यांनी. ज्यांना व्यायामाशिवाय नुसते पौष्टिक पेय मिळाले त्यांच्या दुर्बलतेत फरक पडला नाही. विटा आणून टाकल्या आणि गवंडी आलाच नाही, तर भिंत उभी राहत नाही. पूरक आहाराचा प्रत्येक डबा विकत घेण्यापूर्वी १९९४ चा हा निष्कर्ष वाचला जावा, इतका तो मोलाचा आहे.

नंतरच्या मोठ्या चाचण्यांनीही हीच दिशा पक्की केली. अमेरिकेतल्या ‘लाइफ’ चाचणीत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ बैठ्या ज्येष्ठांपैकी ज्यांना चालणे, ताकद आणि तोल यांचा नियमित व्यायाम दिला, त्यांच्यात चालता न येण्याइतके अपंगत्व येण्याचे प्रमाण कमी राहिले. युरोपातल्या ‘स्प्रिंट’ चाचणीत १,५१९ जणांपैकी एका गटाला व्यायामाबरोबर आहाराचे मार्गदर्शनही दिले आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष त्याच अंगाचा होता. यांत चमत्कार कुठेच नाही. फायदा मध्यम आहे, त्यासाठी महिनोन्महिने घाम गाळावा लागतो आणि सोबत कोणी शिकवणारा लागतो. त्या व्यायामाची जाहिरात करण्यात कोणाचा नफा नाही, म्हणूनच तो पावडरीइतका कानावर येत नाही.

आपल्याकडे ज्येष्ठांचा व्यायाम म्हणजे सकाळचे फिरणे. फिरायला जाणे उत्तमच. हृदयाला चांगले, मनालाही. पण सपाट रस्त्यावरच्या चालण्याने मांडीच्या स्नायूंवर पुरेसा भार येत नाही. भार हवा: खुर्चीवरून हात न लावता उठणे-बसणे, कठडा धरून टाचा उचलणे, पायरीवर चढ-उतार, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, रबरी पट्टा ताणणे. आठवड्यातून दोन-तीनदा, हळूहळू भार वाढवत. हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, ठिसूळ हाडे असतील त्यांनी आधी डॉक्टरांना विचारून, शक्य तर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरुवात करावी. गुडघे दुखतात म्हणून बसून राहणाऱ्यांनी तर नक्कीच विचारावे. मांडीचे स्नायू बळकट झाले की अनेकांचे गुडघ्याचे दुखणे हलके होते, आणि बसून राहण्याने ते वाढते.

घरच्या घरी तपासणीही सोपी आहे. साधी, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, हात छातीवर घ्यावेत आणि पाच वेळा पूर्ण उभे राहून बसावे. जवळ एक माणूस असावा. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार याला १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागत असेल, तर पुढची तपासणी करायला हवी. पोटरीचा घेर पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर तीही धोक्याची खूण मानली जाते. टेलरच्या टेपने घेता येणारे हे माप किती दवाखान्यांत घेतले जाते? साखर आणि रक्तदाब प्रत्येक भेटीत बघितला जातो, पोटरीकडे कोणाचे लक्ष जात नाही.

आहाराचा भागही तितकाच महत्त्वाचा, आणि इथे मराठी घरांत मोठी तफावत आहे. दात गेले, भूक मंदावली, रात्रीचे जड नको म्हणून ज्येष्ठांचे ताट हलके होत जाते. सकाळी चहा आणि खारी किंवा बटर, दुपारी मऊ भातावर पातळ वरण, रात्री दूध-भात. पोट भरते, पण प्रथिने कमी पडतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज हवीत, म्हणजे साठ किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. वृद्धांच्या स्नायूंना तेवढ्याच प्रथिनांतून कमी लाभ मिळतो, म्हणून आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये त्यांच्यासाठी किलोमागे १ ते १.२ ग्रॅमची शिफारस केली. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

बाकीच्यांना ते ताटातच जमवता येते. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधातून ६ ते ७, मूठभर शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. वरण पातळ करण्याऐवजी घट्ट करावे. दात नसतील तर मऊ शिजवलेली मुगाची उसळ, पिठले, धिरडे, दह्यात कालवलेला दाण्याचा कूट चालतो. किनारपट्टीवर सुकट, सुके बोंबील, सोडे पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जातात. प्रथिनांच्या बाबतीत ते फार समृद्ध आहेत, फक्त रक्तदाब असणाऱ्यांनी त्यातल्या मिठाकडे बघावे. प्रथिने रात्रीसाठी राखून न ठेवता तिन्ही वेळच्या जेवणात वाटलेली बरी. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांत प्रोटीन पावडरी टाळण्याचाच सल्ला दिला आहे.

प्रीबायोटिकचेही तसेच आहे. बाजारातले इन्युलिन बहुतांशी चिकोरीच्या मुळांपासून काढतात. पण याच कुळातले तंतू कांद्यात आहेत, लसणात आहेत, गव्हात आहेत. कडधान्यांत त्याच कामाच्या दुसऱ्या शर्करा आहेत, आणि कच्च्या केळ्यात न पचणारा स्टार्च आहे. देशातला सर्वाधिक कांदा पिकवणाऱ्या, जळगावच्या केळीने ओळखल्या जाणाऱ्या आणि मटकीच्या उसळीवर वाढलेल्या राज्यात आतड्यातल्या जिवाणूंना खाऊ घालण्यासाठी परदेशी मुळाची पावडर अनिवार्य नाही. ज्यांना बद्धकोष्ठता आहे, ज्यांचे खाणे फारच कमी आहे, त्यांना डॉक्टर तंतूंचे पूरक सुचवू शकतात आणि ते योग्यही असते. पण ज्यांचे आतडे संवेदनशील आहे त्यांना इन्युलिनने पोट फुगणे, वायू, कळ येणे असा त्रास होतो, आणि एकाकी राहणारा वृद्ध अशा त्रासापायी जेवणच कमी करतो. स्नायूंसाठी घेतलेली पुडी स्नायूंचेच खाणे तोडते, हा धोका डब्यावर छापलेला नसतो.

आणखी एक गोष्ट घराघरांत बदलायला हवी, आणि ती प्रेमातून होते म्हणून बदलायला कठीण आहे. ‘आई, तुम्ही बसा, मी करते.’ ‘बाबा, पिशवी माझ्याकडे द्या.’ ताप आला की आठ दिवस अंथरुणातून उठू द्यायचे नाही. २००७ मध्ये ‘जामा’त आलेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवले, तेवढ्यात त्यांच्या पायांचे जवळपास एक किलो स्नायू गेले. रुग्णालयातून घरी आलेला वृद्ध ‘अशक्त झाला’ असे आपण म्हणतो, त्यात आजाराइतकाच वाटा सक्तीच्या विश्रांतीचा असतो. त्याला डॉक्टरांच्या परवानगीने लवकरात लवकर उठवणे, धरून चालवणे, खुर्चीत बसवून जेवायला देणे हे औषधाच्या गोळीइतके महत्त्वाचे आहे. भाजी निवडणे, पिशवीभर सामान आणणे, झाडांना पाणी घालणे ही कामे त्यांच्या हातून काढून घेणे म्हणजे त्यांचा रोजचा व्यायाम काढून घेणे. जमिनीवर बसण्या-उठण्याचेही तसेच. ब्राझीलमध्ये दोन हजारांवर प्रौढांच्या अभ्यासात, ज्यांना आधाराशिवाय जमिनीवर बसता-उठता येत होते त्यांचे पुढच्या वर्षांतले मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. ज्यांना हे अजून जमते त्यांनी ते सोडू नये.

घरांनी हे केले तरी भार एकट्या घरांवर टाकून चालणार नाही. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईच्या देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात साठीपुढचे सुमारे १४.९ कोटी लोक होते आणि २०५० पर्यंत ही संख्या ३४.७ कोटींवर जाईल. याच संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत वृद्धांच्या हाताची पकड आणि चालण्याचा वेगही मोजला. म्हणजे मोजायचे कसे हे आपल्याला येते, आणि मोजणारी संस्था महाराष्ट्रातच आहे. मोजल्यानंतरची पायरी मात्र बाकी आहे.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील गरजूंना एकरकमी ३,००० रुपये मिळतात. काठी, गुडघ्याचा पट्टा, कमोड खुर्ची, श्रवणयंत्र यांसाठी. ज्याला आज आधाराची गरज आहे त्याला तो मिळालाच पाहिजे. पण ज्याची काठी आणखी दहा वर्षे लांबवता येईल, त्याच्यासाठीही राज्याकडे काही असायला हवे. जागा तयार आहेत: पालिकांची विरंगुळा केंद्रे, ज्येष्ठ नागरिक संघांच्या खोल्या, ग्रामपंचायतींची सभागृहे, उद्यानांतले ओपन जिम. नाही तो शिकवणारा माणूस. प्रत्येक तालुक्यात एक फिजिओथेरपिस्ट नेमून त्याने आठवड्यातून दोन दिवस अशा केंद्रांत ताकदीचे वर्ग घ्यावेत, आशा कार्यकर्तींना खुर्चीची तपासणी आणि पोटरीचे माप शिकवावे, निराधार वृद्धांच्या धान्यात डाळीचा वाटा वाढवावा आणि पुण्या-मुंबईतल्या वैद्यकीय संस्थांनी या वर्गांचा परिणाम नीट अभ्यासून प्रसिद्ध करावा. त्याच अभ्यासात प्रीबायोटिकचा एक गट ठेवून आपल्या आहारावर, आपल्या माणसांत त्याची परीक्षा घेता येईल. उपयोग दिसला तर पूरक सरकारी दवाखान्यातून मोफत द्यावे. येत्या अर्थसंकल्पात ज्येष्ठांसाठीच्या तरतुदीत या वर्गांसाठी वेगळी रक्कम दाखवावी, आणि गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांनी आपल्या आमदाराकडे ती नाव घेऊन मागावी.